वरची गुंडी

शिवलेला कपडा हातात पडला की ती आधी वरची गुंडी ओढून पाहायची. एकदा नाही, दोनदा. मग कपड्याची घडी काखेत मारायची आणि म्हणायची, "पाहू न, काका."

कपडा अंगाला बसेल का? पाहू न. बारावीत पास होशील का? पाहू न. मी एकदा मुद्दाम विचारलं, आज मंगळवारच आहे ना? तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकून म्हणाली, "पाहू न, काका."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर संशय नाही घ्यायचा तर कोणावर घ्यायचा?

आणि संशय हा तर माझा धंदा. आर्वीच्या बसस्टँडसमोर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे, साडेतीन भिंतींचं. उरलेली अर्धी भिंत शेजारच्या पानठेल्याने दाबली. बाई म्हणते कंबर तीस, टेप म्हणतो चौतीस. मी टेपचं ऐकतो आणि बाईला म्हणतो, बरोबर आहे ताई, तीसच. चाळीस वर्षं असं दोन्हीकडून ऐकून घेतल्यावर माणूस कोणाचंही एकदम खरं मानत नाही.

फक्त एका गोष्टीवर मी कधी संशय घेतला नाही: माझ्या हातची गुंडी. आष्टीच्या बाजारात एका बैलाने एका गृहस्थाला, मी गुंडी लावून दिलेल्या शर्टात शिंग घालून, उचललं होतं. शर्ट फाटला, गृहस्थ पडले, माझी गुंडी मात्र शिंगालाच अडकून राहिली. तो बैल पोळ्यापर्यंत ती मिरवत हिंडला. पानठेल्यावर विचारा. तिथले लोक खोटं म्हणतील, पण ते माझ्यावर जळतात.

ती मुलगी आमच्याच गल्लीतली. माय अंगणवाडीत मदतनीस, बाप एसटीत कंडक्टर होता, तो ती पाचवीत असताना गेला. घर ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या दवाखान्यात सुतार म्हणून आले आणि इथलेच झाले. गावात त्यांच्या धर्माची माणसं इतकी कमी की नाताळला सगळी मिळून एका ऑटोत मावायची, आणि ऑटोवाला म्हणायचा, अजून एक सीट घेऊ का? बारावीच्या सुट्टीत ती माझ्याकडे शिवण शिकायला आली. हात बरा होता. गुंडी लावताना तिच्याखाली दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे, त्याला मी गुंडीची मान म्हणतो. मान असली की गुंडी ताठ राहते आणि ओढ सहन करते. ही विद्या मी माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही दिली नाही. तिला दिली.

सुट्टी संपली आणि एक दिवस ती दोन साध्या पंजाबी ड्रेसचं कापड घेऊन आली. रंग असा की रंग म्हणायलाही लाज वाटावी.

"कोनाचं लगन हाये का?" मी म्हटलं.

"नाई काका. मी सिस्टर व्हाले चालली."

मला वाटलं नर्स. नर्स नव्हे, ती पांढऱ्या झग्यातली, गळ्यात क्रॉस असलेली सिस्टर. दवाखान्याच्या मागच्या कॉन्व्हेंटात राहतात त्यांच्यासारखी.

मी कात्री खाली ठेवली. माझी कात्री मी फक्त मयतीला खाली ठेवतो.

मग तिने मला सगळा हिशोब समजावला. आधी एखाद वर्ष कँडिडेट, म्हणजे नुसतं सोबत राहायचं, शिकायचं. मग पोस्ट्युलंट, म्हणजे दार ठोठावणारी. मग नोव्हिस. तेव्हा पांढरा झगा मिळतो, आणि त्यातलं एक वर्ष फोन नाही, घरी येणं नाही. मग पहिली व्रतं: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. तीही वर्षाच्या बोलीवर. दर वर्षी नवी करायची, असं पाच-सहा वर्षं. आणि मग शेवटची, कायमची, अंगठीसकट.

मी एका हाताची बोटं मोजली. पुरली नाहीत, म्हणून तिचीही घेतली.

"नऊ-दहा वरीस? अवं, इतक्यात मानूस डॉक्टर होते, दवाखाना बांधते, त्याच दवाखान्यात मरते. जे काम इतके वरीस तपासा लागते, त्याच्यात काई तरी काळंबेरं असनच."

"तपासाचंच तं हाये काका. ते आपल्याले पाह्यतात, आपुन त्याईले पाह्यतो."

"अन जमलं नाई तं?"

गुंडी नव्हती म्हणून तिने ओढणीचं टोक दोनदा ओढलं. "पाहू न."

खरं सांगायचं तर या वाटेचा थोडा अनुभव मलाही आहे. आम्ही बौद्ध. विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असतं. डोकं भादरायचं, चीवर घालायचं, दुपारी बारानंतर जेवायचं नाही. मी तीन दिवस असा बसलो की लोक मला बघायला आंजीहून ट्रॅक्टर करून आले. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्टँडवरच्या भज्यांचा वास आला. मी चीवर सावरत मागच्या दाराने गेलो आणि आलो. सकाळी भंतेजींनी फक्त विचारलं, "उपासक, कांद्याची होती की मिरचीची?" मी त्याच दुपारी घरी आलो. म्हणजे दहा दिवसांत माझी ही गत, आणि ही पोरगी दहा वर्षं म्हणत होती.

गल्लीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे फूस लावली. कोणी म्हणे विमानात बसवून परदेशी नेतात. एक जण तर म्हणाला, किडनी. मी त्यांना गप्प केलं नाही. दुकानासमोर चार माणसं जमली की माझा चहा फुकटात होतो. आणि मनातून मलाही वाटत होतं, काहीतरी आहे. माणूस स्वतःहून इतकं सोडत नाही. तुम्ही आमच्या पानठेल्यावर उभे असता तर तुम्हीही मान हलवली असती.

तिची माय मात्र चर्चेत नसायची. ती दुकानात यायची, स्टुलावर बसायची आणि चिंध्यांच्या घड्या घालत राहायची. तिला दुसरं कोणी नव्हतं. एकदाच बोलली: "मी नाई म्हनलं असतं तं ते थांबली असती. म्हून मी नाई म्हनलं नाई."

वर्षभराने फिकट निळे ड्रेस शिवले, पोस्ट्युलंटचे. ती घ्यायला आली, गुंडी ओढली, पाहू न म्हणाली. बारीक झाली होती. मी लगेच नोंद घेतली: जेवायला देत नाहीत. ती म्हणाली, रोज बागेत कुदळ चालवते काका. मी ही पण नोंद घेतली: राबवून घेतात.

पुढच्या वर्षी कॉन्व्हेंटमधून पांढऱ्या कापडाचा तागा आला. ती नोव्हिस होणार होती, नागपूरच्या पलीकडे त्यांचं मोठं घर आहे तिथे. दोन झगे शिवायचे होते. त्यानंतर ते वर्ष: फोन नाही, भेट नाही, महिन्याला एक पत्र.

त्या संध्याकाळी तिची माय आली आणि स्टुलावर बसलीच नाही.

"भाऊ, पत्र तं ते वाचूनच पाठवत असतीन," ती म्हणाली. "तिले निघाचं असंन अन सांगता आलं नाई तं?"

मी तीस वर्षं ज्या प्रश्नासाठी संशय जमवत होतो, तो हाच. आम्ही दोघांनी मिळून जो कट केला तसा आर्वी तालुक्यात बेचाळीस सालानंतर झाला नसेल. एका झग्याच्या खालच्या पट्टीत मी बोटभर खिसा केला. त्यात चिठ्ठी: "निघाचं असंन तं वरची गुंडी तोडून झगा दुरुस्तीले पाठवजो. आमी येतो." आणि त्या जागी पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याचा एक टाका. दुसऱ्या कोणाला ती चूक वाटली असती. पण ती माझी शिष्या. पांढऱ्यावर मी काळा दोरा मेलो तरी वापरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

दर महिन्याला कॉन्व्हेंटच्या एक सिस्टर नागपूरला जायच्या आणि परत येताना फाटकंतुटकं घेऊन यायच्या. पहिला महिना, उशांच्या खोळी. दुसरा, पडदे. तिसरा, काही नाही. काही नाही म्हणजे काय? मी संशयाने अर्धा झालो. चौथ्या महिन्यात माझी पँट ढिली झाली आणि मला स्वतःचीच कंबर खोटी सांगावी लागली.

पाचव्या महिन्यात झगा आला.

"बस एक बटन लगाना है, मास्टरजी," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या.

वरची गुंडी नव्हती. मी खालची पट्टी उलटली. काळा टाका उसवलेला, खिसा रिकामा. मग मी चष्मा पुसून गुंडीची जागा पाहिली. धागा झिजून तुटतो तेव्हा त्याच्या टोकाला केस निघतात, म्हाताऱ्याच्या कानासारखे. इथे केस नव्हते. टोकं सरळ होती. ब्लेड.

तिची माय पिशवी भरूनच बसलेली असावी, कारण मी दारात पोचण्याआधी ती दारात होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. तिच्या पिशवीत मुलीचा जुना हिरवा ड्रेस होता, बदलायला. माझ्या पिशवीत अकरा नंबरची कात्री होती. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. नागपूरपर्यंत मी त्या माउलीला धीर दिला: भिंत किती का उंच असेना, कुत्री किती का असेनात, मी आहे. मी मनातल्या मनात तीन कुत्री मारली होती.

भिंत माझ्या छातीइतकी होती. फाटक उघडं होतं. कुत्रं एकच होतं, ते माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं. दारात एक म्हाताऱ्या सिस्टर मेथी निवडत बसल्या होत्या. नोव्हिसांना शिकवणाऱ्या त्याच. केरळकडच्या, बोलणं हिंदी.

मी घसा साफ करून म्हटलं की आम्ही मुलीला न्यायला आलो आहोत. आवाज मोठा लावला होता. माझ्या मते खिडक्या हलल्या.

त्यांनी मेथीची काडी मोडली. "ले जाइए," त्या म्हणाल्या. "जाना चाहेगी तो बस तक मैं छोड़ दूँगी. पिछले महीने दो को छोड़ा." आणि आत हाक मारून चहा सांगितला.

माणूस दार तोडायला धावत यावा आणि दार उघडंच असावं, याच्यासारखी फजिती नाही. मला तर आणखी संशय आला.

ती बागेतून आली. हात कोपरापर्यंत मातीचे, डोक्यावर पांढरा रुमाल. मायकडे पाहिलं, मग मायच्या पिशवीकडे. हिरव्या ड्रेसची बाही बाहेर आली होती. म्हाताऱ्या सिस्टर मेथी घेऊन उठल्या आणि आत निघून गेल्या, आम्हा तिघांना सोडून.

"गुंडी," माय म्हणाली. एवढंच.

मुलगी उभी राहिली. आतून कोणीतरी धुण्याची बादली आपटली तेवढा वेळ. मग म्हणाली, "धुतानी तुटली, माय."

आणि माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, तिथे त्या दारात माझी तीस वर्षांची अब्रू उभी होती. माझी गुंडी, धुताना? बैलाच्या शिंगावर न तुटलेली? आणि मला माहीत होतं की ती ब्लेडने कापली आहे. मी तेवढं म्हटलं असतं, तर माय तिला मनगटाला धरून बसमध्ये घेऊन गेली असती. आणि ती गेलीही असती. मायला तिने आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती ते मदत कर म्हणून की गप्प राहा म्हणून, ते मला कळेना. मग तिच्या मातीच्या हातांकडे लक्ष गेलं. मागे सरकून उभी होती, पण अंग फाटकाकडे नव्हतं. बागेकडे होतं.

"सूत कच्चं होतं," मी म्हटलं. "माहीच चूक, वहिनी. त्या रिळाचा दोरा खराब निंगाला."

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं तेव्हा वर्धा जिल्ह्यातली सगळी शिलाई मशिनं क्षणभर थांबली असणार.

माय माझ्याकडे बघत राहिली. मग हिरवी बाही आत कोंबली. चहा प्यालो. निघताना ती आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली, फाटकाच्या बाहेर आली, रस्त्यावर उभी राहिली, एकदा बसस्टॉपकडे पाहिलं, आणि आम्ही बसमध्ये चढल्यावर आपल्या पायांनी परत आत गेली. मी पाहिलं. कोणी ओढली नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती: टेलरची गुंडी धुताना तुटली. पुढच्या लेडीज टेलरने पाटीवर रंगवून घेतलं, "गुंडीची गॅरंटी". दोन वर्षं त्याच्या दारात गर्दी होती. मी काही बोललो नाही. आता मी बोललो नाही म्हणजे किती बोललो नाही याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

तिची पहिली व्रतं झाली. मग दर वर्षी ती नवी होत गेली, आणि दर वर्षी मी म्हणायचो, या वर्षी येते बघा परत. सुट्टीत घरी यायची तेव्हा दुकानात यायची. मधल्या काळात ती नर्सिंगही शिकली, म्हणजे मी पहिल्या दिवशी जे समजलो होतो ते काही अगदीच चूक नव्हतं. मी विचारायचो, "आता पक्कं का?" ती टांगलेल्या कोणत्या तरी परक्या झंपरची गुंडी दोनदा ओढायची. "पाहू न, काका."

शेवटच्या व्रतांच्या आधी नव्या झग्याचं माप द्यायला आली. दुकानात आम्ही दोघंच. मी खांद्याचं माप घेत होतो, म्हणजे माझं तोंड तिला दिसत नव्हतं. हा मोका साधून मी विचारलं.

"ब्लेड कोनाचं होतं?"

ती हसली. "शिवणाच्या खोलीतलं. तुमाले तवाच समजलं होतं न?"

"माह्या गुंडीले मी वळखत नाई का?"

"निघाचंच होतं काका तवा. ब्याग भरून ठेवलती. रात-दिवस मायची आठवण. सांगाची हिंमत नोती, मंग तो काळा टाका सापडला." तिने माझ्या हातातलं टेपचं टोक धरून सरळ केलं. "मंग तुमी दोघं आले. सिस्टर म्हने घेऊन जा. माय काई म्हने नाई. अन तुमी तं सारा दोष आपल्यावर घेतला. मी फाटकाभायेर जाऊन उभी राह्यली, तं कोनी हाक बी नाई मारली. तवा समजलं का मले कोनीच धरून नाई ठेवलं. मंग म्हनलं, निघाचं तं कवाही निघता येते. राहून पाह्यतो."

"अन आता?"

मला वाटलं होतं, आलंच ते ठरलेलं उत्तर. ती म्हणाली, "पाह्यलं, काका."

शेवटच्या व्रतांना मी गेलो होतो. पहिल्या रांगेत, मायशेजारी. सगळीकडे लक्ष ठेवून. मध्येच ती वेदीपुढे सरळ जमिनीवर पालथी पडली, हात पसरून, आणि सगळे संतांची नावं घेत गाऊ लागले. चौदा दिवस खपून शिवलेला, इस्त्री केलेला झगा, फरशीवर! मी अर्धा उठलो. मायने माझी बाही धरून मला खाली बसवलं, आणि गाणं संपेपर्यंत बाही सोडली नाही. बाही माझ्याच हातची, म्हणून टिकली.

आता ती इथे नाही. दूर पूर्वेकडच्या डोंगरांत एका दवाखान्यात आहे, जिथे बस संपल्यावर पुन्हा एक बस लागते आणि तीही संपते. फोन येतो, पण रेंजपेक्षा पाऊसच जास्त ऐकू येतो. वर्षातून एकदा पार्सल येतं: जुना झगा, माप म्हणून, यावरून नवा शिवा. तिथे टेलर नाहीत असं नाही. पण तिचा म्हणे त्यांच्यावर भरवसा नाही. हे ती माझ्याकडून शिकली.

पार्सल आलं की मायला निरोप जातो. ती अजून त्याच स्टुलावर बसते. दर वर्षी न चुकता विचारते, "भाऊ, त्या सालचं सूत खरंच कच्चं होतं?" मी दर वर्षी म्हणतो, "कच्चंच होतं, वहिनी." ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला संशय आहे की तिला सगळं माहीत आहे.

या वर्षी पार्सल मी फोडण्याआधी तिनेच फोडलं. झगा मांडीवर पसरला. धुऊन धुऊन कापड इतकं पातळ झालं होतं की खालून तिच्या लुगड्याचा रंग दिसत होता. तिने वरची गुंडी चिमटीत धरली आणि ओढली. दोनदा.

"पक्की हाये," ती म्हणाली. मग जवळ नेऊन पाहिली. "पन हे तुमच्या हातची नाई वाटत."

मी चष्मा लावला. गुंडीच्या खाली दोऱ्याचे तीन वेढे होते, घट्ट, एकावर एक. दोरा काळा होता.

"नाई," मी म्हटलं. "तिच्या हातची हाये."